काट्याला बोट लावू नये

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला मोजमापाविषयी दोन गोष्टी लहानपणीच शिकविल्या जातात. पहिली अशी की, काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नये; दुकान उघडले की दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मध्यावर उभा राहतो की नाही, ते रोज पाहावे. दुसरी अशी की, काटा आपल्या मनासारखे वजन दाखवीत नाही, एवढ्यासाठी त्याला बोट लावू नये. आमच्या आप्पांनी या दोन्ही गोष्टी मला धान्याच्या दुकानात शिकविल्या. पन्नाशी उलटल्यावर त्या मी पुन्हा एकदा शिकलो. या वेळी दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आमच्या दिवाणखान्यात. निमित्त होते मुलाने हौसेने आणलेल्या होम थिएटरचे. हल्ली अनेक घरांत असा संच दिसतो, म्हणून तो अनुभव वाचकांपुढे थोड्या विस्ताराने मांडतो.

संच तसा साधाच. दूरदर्शन संचाच्या दोन्ही बाजूंना एकेक उंच स्पीकर, त्याच्या खाली मधला स्पीकर, बैठकीच्या डाव्या-उजव्या भिंतींवर दोन लहान स्पीकर आणि कोपऱ्यात खर्जाचे ध्वनी काढणारा सबवूफर. या सहांना आवाज वाटून देणारे यंत्र म्हणजे रिसीव्हर. हल्लीच्या बहुतेक रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो आपल्या बसण्याच्या जागी ठेवून स्वयंचलित मापन सुरू केले, की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने ठरावीक ध्वनी निघतात, मायक्रोफोन ते ऐकतो आणि काही मिनिटांत रिसीव्हर आपला हिशोब पडद्यावर मांडतो. कोणता स्पीकर किती अंतरावर आहे, कोणाचा आवाज किती कमी-जास्त करावयाचा, खोलीमुळे कोणते स्वर फुगतात आणि कोणते दबतात, हे सारे त्यात येते. या पद्धतींची नावे निरनिराळी आहेत. ऑडिसी ही पद्धत अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून निघाली आणि तिची कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. डिरॅक स्वीडनमधील उप्सालाची. यामाहा आपल्या पद्धतीला वायपीएओ म्हणते. मूळ कल्पना मात्र एकच, की खोली यंत्राने स्वतः ऐकावी आणि त्याप्रमाणे आवाज सुधारावा.

आमच्या पडद्यावर जे आकडे आले, ते असे: डावा स्पीकर ३.०५ मीटर, मधला २.७५, उजवा ४.१०, बाजूचे दोन अनुक्रमे १.६० आणि १.५०, आणि सबवूफर ५.१०. मी व्यापारी माणूस. यंत्राने सांगितलेले तपासल्याशिवाय वहीत घेणार नाही. खालून मीटरटेप मागविली. डावा, मधला आणि बाजूचे दोन्ही स्पीकर बरोबर निघाले. पण उजवा प्रत्यक्षात २.९५ मीटरवर होता, आणि सबवूफर तर ३ मीटरवर. एका ठिकाणी एक मीटरहून अधिक चूक, दुसऱ्या ठिकाणी दोन मीटरहून अधिक!

मुलगा म्हणाला, “बाबा, यंत्र चुकलंय. टेपचे आकडे भरून टाकू या.” मलाही ते पटले. आम्ही दोन्ही आकडे टेपप्रमाणे बदलले आणि निश्चिंत झालो. त्यांपैकी एक दुरुस्ती योग्य होती आणि दुसरी सर्वस्वी चुकीची होती, हे कळावयास पुढे तीन आठवडे जावे लागले.

आता आप्पांविषयी. त्यांचे वय एक्याऐंशी. दुकान बंद झाल्यावर संध्याकाळी सर्वांबरोबर दिवाणखान्यात बसून नाट्यसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. उजव्या भिंतीशी, खिडकीजवळ, त्यांची उंच पाठीची लाकडी खुर्ची. नवा संच आल्यावर आठ-दहा दिवसांतच ते हळूहळू आतल्या खोलीत जाऊन जुना रेडिओ लावून बसू लागले. विचारले तर म्हणाले, “मला शब्द लागत नाहीत रे आता. कानांचं वय झालं. तुम्ही ऐका.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला अधिक लागले. ज्या संचासाठी एवढा खर्च केला, त्याने घरातल्या सर्वांत जुन्या श्रोत्याला दिवाणखान्यातून उठविले होते.

एका संध्याकाळी ध्वनिमुद्रिका सुरू असताना ते पाणी प्यावयास बाहेर आले, दारातच थांबले आणि म्हणाले, “डग्गा कुठं गेला? थाप ऐकू येतेय, पण घुमारा नाही.”

मी चपापलो. वयोमानाने प्रथम उतरते ती वरच्या स्वरांची श्रवणशक्ती. खर्ज ऐकण्याची शक्ती त्यामानाने बराच काळ टिकते. आम्हां तिघांना जे तीन आठवडे जाणवले नव्हते, ते आप्पांना दारातून जाणवले. त्या रात्री मी रिसीव्हरची माहितीपुस्तिका घेऊन बसलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी. रिसीव्हरच्या पडद्यावर ‘अंतर’ असे लिहिलेले असले, तरी यंत्राला अंतराशी कर्तव्य नसते. त्याला कर्तव्य असते वेळेशी. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, एका मिलिसेकंदात, सुमारे ३४ सेंटीमीटर. यंत्र स्पीकरला ध्वनी पाठविते, तो मायक्रोफोनपर्यंत किती वेळात पोहोचला ते पाहते, त्या वेळेला ध्वनीच्या वेगाने गुणते आणि आपल्याला समजावे म्हणून उत्तर मीटरमध्ये दाखविते.

या वेळेचे ते करते काय? समजा, लग्नघरी तीन गोदामांतून माल पोहोचवावयाचा आहे आणि तिन्ही गाड्या एकाच वेळी दारात उभ्या राहावयास हव्या आहेत. मग लांबच्या गोदामातली गाडी आधी सोडावी लागते आणि जवळची थांबवून ठेवावी लागते. रिसीव्हर नेमके हेच करतो. सर्वांत लांबच्या स्पीकरला तो ताबडतोब ध्वनी देतो आणि जवळच्या स्पीकरांना काही मिलिसेकंद रोखून धरतो, म्हणजे सर्वांचा आवाज श्रोत्याच्या कानी एकाच क्षणी येतो. आपण भरलेला आकडा चुकला की गाड्यांची वेळ चुकते.

काही हजारांश सेकंदांनी काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपला कान या बाबतीत फार काटेकोर आहे. समोरच्या दोन स्पीकरांतून एकच आवाज येत असेल, तर तो मध्यभागातून येतो असा भास होतो. त्यांपैकी एकाचा ध्वनी केवळ एका मिलिसेकंदाने आधी पोहोचला, तर तो भास जवळजवळ पूर्णपणे त्या बाजूला सरकतो. १९४९ मध्ये हेल्मुट हास यांनी जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात या विषयाचा मार्मिक अभ्यास आहे. एकच बोलणे दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आले, तर कान दिशा ठरवितो ती आधी आलेल्या ध्वनीवरून. मागून आलेला ध्वनी सुमारे ५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर तो काहीसा मोठा असूनही वेगळा ऐकू येत नाही. या गुणाचा उपयोग लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये १९५० च्या दशकाच्या आरंभीच करून घेण्यात आला. तेथील दूरच्या ध्वनिवर्धकांना मुद्दाम विलंब देण्यात आला, आणि त्यामुळे आवाज जवळच्या खांबावरून नव्हे, तर वक्त्याकडून येत असल्याचे श्रोत्यांना वाटू लागले. मोठ्या सभागृहांत आजही हेच तत्त्व वापरतात.

आता आमच्या दोन चुका. उजव्या स्पीकरचे अंतर यंत्राने ४.१० मीटर का सांगितले? कारण मापनाच्या वेळी आप्पांची उंच पाठीची खुर्ची त्या स्पीकरच्या आणि मायक्रोफोनच्या मध्ये उभी होती. सरळ येणारा ध्वनी खुर्चीने अडविला आणि भिंतीवर आपटून, वळसा घालून आलेला ध्वनी यंत्राने पहिला मानला. स्पीकर लांब आहे, या समजुतीने यंत्र त्याला बाकीच्यांपेक्षा सुमारे साडेतीन मिलिसेकंद आधी ध्वनी देऊ लागले असते आणि गायक उजव्या भिंतीशी जाऊन बसला असता. ही खरी चूक होती. टेपने ती पकडली, हे योग्यच झाले. मात्र त्यावरचा खरा उपाय नुसता आकडा बदलणे हा नव्हे. अडथळा दूर करून मापन पुन्हा करावयास हवे होते. कारण ज्या मापनात अंतर चुकले, त्यातली आवाजाची पातळी आणि स्वरांची दुरुस्ती तरी कशी बरोबर असेल?

सबवूफरची गोष्ट वेगळी होती. तो टेपने ३ मीटरवर होता, हे खरेच. पण सबवूफरच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. वरचे स्वर गाळून केवळ खर्ज पुढे सोडणारी चाळणी असते. पुष्कळदा डिजिटल गणितही असते. या सर्वांतून जाताना ध्वनीला हवेत शिरण्यापूर्वीच काही मिलिसेकंद लागतात. बिनतारी सबवूफरमध्ये हा विलंब आणखी वाढतो. मायक्रोफोनला त्यातले काही दिसत नाही. त्याला एवढेच कळते की ध्वनी उशिरा आला. म्हणून तो ५.१० मीटर सांगतो. हवेतले अंतर ३ मीटर आणि यंत्रातल्या विलंबाचे २.१० मीटर. तो आकडा पूर्णपणे खरा होता; मीच तो खोटा ठरविला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात आप्पांना हे समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “म्हणजे बारदान. तू नुसत्या मालाचं वजन केलंस. पण गाडीला पोत्यासकट ओझं ओढावं लागतं ना? भाडं त्यावरच पडतं.” माझ्या अर्ध्या तासाच्या विवेचनाचे सार त्यांनी चार वाक्यांत सांगितले.

या बारदानाला विसरल्याचा परिणाम नेमका काय झाला, तेही पाहण्यासारखे आहे. आमच्या रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचे स्वर सबवूफरकडे आणि वरचे इतर स्पीकरांकडे जात होते. या सीमेच्या आसपास दोघेही मिळून आवाज काढतात. ८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी ३४३ भागिले ८०, म्हणजे सुमारे ४.३ मीटर. तिची अर्धी लांबी सुमारे २.१५ मीटर. आणि माझ्या दुरुस्तीने सबवूफर मागे पडला होता तो २.१० मीटरने! एकाची लहर चढत असताना दुसऱ्याची उतरत होती. दोघे एकमेकांची शक्ती खोडून काढीत होते. डग्ग्याचा घुमारा, पुरुषी आवाजाचा भरदार तळ, या सगळ्यांचे स्थान त्याच परिसरात. सबवूफर जोरात चालत होता, पण जमा आणि नावे सारख्याच रकमा पडत असल्यामुळे शिल्लक शून्य निघत होती.

सबवूफरचा आकडा पुन्हा ५.१० केला. त्या रात्री डग्गा परत आला.

पण आप्पांचे ‘शब्द लागत नाहीत’ हे दुखणे एवढ्याने मिटले नाही. तेव्हा मी स्वतः त्यांच्या खुर्चीत बसून पाहिले, आणि हे आधीच का केले नाही, याची लाज वाटली. त्या जागी उजव्या भिंतीवरचा स्पीकर डोक्याशी हातभर अंतरावर होता. चित्रपटातला पाऊस, गर्दी, वाद्यवृंद हे सारे तेथून सर्वांआधी आणि सर्वांत मोठ्याने कानावर पडे आणि मधल्या स्पीकरमधून येणारे संवाद त्याखाली बुडून जात. यंत्राने सर्व अंतरे सोफ्याच्या मध्यासाठी जुळविली होती, कारण मायक्रोफोन आम्ही तेथे ठेवला होता. यंत्राच्या दृष्टीने ज्या जागी मायक्रोफोन, ती जागा घराचा मध्यबिंदू. आम्ही न विचारता तो मध्यबिंदू आपल्याकडे घेतला होता.

मग आम्ही बैठक बदलली. आप्पांची खुर्ची मध्यभागी आली, दोन्ही बाजूंना सोफा गेला. “मला खिडकी लागते,” असे ते म्हणाले. म्हणून दूरदर्शन संचासह सगळी मांडणी फिरवून खिडकी त्यांच्या डाव्या हाताला येईल, अशी केली. मायक्रोफोन त्यांच्या कानांच्या उंचीवर, खुर्चीच्या पाठीपासून वीतभर पुढे, ट्रायपॉडवर बसविला. पंखे बंद, खिडक्या बंद, फ्रीज थोडा वेळ बंद, सर्वजण खोलीबाहेर. मापन दोनदा केले आणि दोन्ही वेळा आकडे जवळजवळ सारखेच आले. त्यानंतर संवादांचा मधला स्पीकर यंत्राने ठरविलेल्या पातळीहून तीन डेसिबलने वाढविला. शिवाय आप्पांना कानांच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणले. कारण ऐकू कमी येण्याचे कारण वैद्याने शोधावे, रिसीव्हरने नव्हे.

या खटाटोपातून हाती आलेली शिदोरी वाचकांसाठी थोडक्यात देतो.

मापनापूर्वी सबवूफरच्या मागचे, वरचे स्वर गाळण्याचे बटण शेवटच्या टोकाला न्यावे किंवा ती चाळणी बंद करावी. ते काम रिसीव्हरलाच करू द्यावे. मायक्रोफोन हातात धरू नये, गादीवर वा सोफ्याच्या पाठीवर टेकवू नये. त्याच्या आणि प्रत्येक स्पीकरच्या मध्ये खुर्ची, कुंडी, पडदा असे काही नाही, हे नजरेने तपासावे. पुष्कळ यंत्रे मायक्रोफोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावयास सांगतात. त्यांत पहिल्या जागेचे महत्त्व सर्वाधिक. ऑडिसीसारख्या पद्धतीत अंतरे त्या पहिल्या जागेवरूनच ठरतात, बाकीच्या जागा स्वरांच्या समतोलासाठी असतात.

आकडे आल्यावर टेप जरूर लावावी. साध्या स्पीकरांचे अंतर टेपशी फूटभराच्या आत जुळले पाहिजे. न जुळल्यास अडथळा शोधावा आणि मापन पुन्हा करावे. ज्यांच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर आणि डिजिटल गणित आहे, त्यांच्या आकड्यात थोडे बारदान असणारच. सबवूफरचा आकडा टेपहून मोठा असेल, तर तो तसाच राहू द्यावा; टेपहून लहान आला, तरच संशय घ्यावा. यंत्राने एखाद्या स्पीकरच्या तारा उलट असल्याचा इशारा दिला, तर लाल आणि काळ्या टोकांची जोडणी पाहावी. जोडणी बरोबर असेल, तर पुढे जाण्यास हरकत नाही. काही स्पीकर निर्दोष असूनही असा इशारा येतो.

सबवूफर आणि इतर स्पीकर यांचे खरोखर जुळले की नाही, हे कानाने पाहण्याची एक सोपी रीत आहे. ८० हर्ट्झचा अखंड सूर हलक्या आवाजात लावावा, एकाने नेहमीच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने सबवूफरचे अंतर फूट-फूटभर वाढवीत वा कमी करीत जावे. जेथे तो सूर सर्वांत भरीव वाटेल, तो आकडा बरोबर. उन्हाळ्याची मात्र काळजी करू नये. पस्तीस अंशांवर ध्वनी थोडा जलद, सेकंदाला सुमारे ३५२ मीटर जातो. पण सर्वच स्पीकरांचा प्रवास त्याच प्रमाणात लवकर होतो.

आणि एक मर्यादाही ध्यानी ठेवावी. अंतर कितीही अचूक भरले, तरी गुळगुळीत फरशी, काचेची कपाटे आणि उघड्या भिंती यांचा घुमणारा आवाज त्याने जात नाही. त्याला सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट हेच औषध.

आता आप्पा पुन्हा संध्याकाळी दिवाणखान्यात बसतात. प्रत्येक शब्द त्यांना लागतो, असे मी म्हणणार नाही, मधूनच ते नातवाला “काय म्हणाला तो?” असे विचारतात आणि नातू सांगतो. पण विचारावयास ते तेथे असतात. परवा मुलगा पुन्हा टेप घेऊन उभा राहिला. सबवूफरचा आकडा नव्या जागी ४.८० आला होता आणि टेप २.७० दाखवीत होती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलण्याच्या आतच खुर्चीतून आवाज आला, “राहू दे रे. ते बारदान आहे.”